पद्मिनी विरुद्ध ॲम्बॅसेडर

प्रताप नगरातलं घर पाहायला आम्ही नवरा-बायको गेलो, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, नोकरी कुठे ते विचारलं नाही, घरात माणसं किती हेही विचारलं नाही. फाटकात उभे राहून त्यांनी माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते पद्मिनी तुही हाय काय?"

मी हो म्हटलं. गाडी खरं तर वडिलांची. ते कामठीहून नागपूरला नोकरीवर त्याच गाडीने येत-जात, आणि निवृत्त झाले तेव्हा पेन्शन स्वतःकडे ठेवून गाडी तेवढी त्यांनी मला दिली. तरी 'माझी' म्हणताना मी छाती जरा पुढे काढली होती. जुनी गाडी बाळगणाऱ्याला लोक जाणकार समजतात, आणि हा गैरसमज दूर करायची घाई मला कधीच झाली नाही.

"मंग या," ते म्हणाले. "जागा हाय."

जागा म्हणजे माणसांची नव्हे, हे आत गेल्यावर कळलं. पोर्चमध्ये एक पांढरी ॲम्बॅसेडर उभी होती, धुऊन पुसून लख्ख केलेली, आणि तिच्या शेजारी एका गाडीपुरती जागा रिकामी होती. ती जागा झाडून ठेवलेली होती. वरच्या दोन खोल्या झाडलेल्या नव्हत्या.

"कितीक भाडेकरू येऊन गेले," ते सांगू लागले. "सगळ्यांच्या फटफट्या. एकजण नवी कोरी गाडी घेऊन आला होता. बोनेट उघडून पाह्यलं, तर आत नुसतं प्लास्टिकचं झाकण. त्याले म्हटलं, बाप्पा, तू आन् तुही गाडी, दोघंही मनीषनगरले जा. तिकडं नवीन फ्लॅट होऊन राहिले."

माझ्या बायकोने स्वयंपाकघर दाखवता का म्हणून विचारलं. ते काम त्यांनी काकूंवर सोपवलं आणि मला घेऊन पद्मिनीचं बोनेट उघडायला गेले. भाडं किती हे शेवटी आम्हालाच विचारावं लागलं.

घरमालक काका कोर्टातून निवृत्त झालेले. वकील नव्हेत, न्यायाधीश तर नव्हेतच; ते पेशकार होते. साहेबांच्या समोर बसून फायली पुढे सरकवायच्या आणि पक्षकारांना पुढची तारीख सांगायची, हे त्यांचं जन्मभराचं काम. "निकाल साहेब देत होते," ते म्हणत, "पण कोर्ट चाललं ते माह्या तारखांवर." निवृत्तीनंतर फायली सुटल्या, सवय सुटली नाही. दूध पातळ आलं की गवळ्याला 'कारणे दाखवा' म्हणत. संध्याकाळी भाजी काय करू असं काकूंनी विचारलं की "प्रकरण विचाराधीन हाय" असं उत्तर मिळे, आणि काकू त्यांच्या विचाराची वाट न पाहता वांगी चिरायला घेत.

ॲम्बॅसेडरही कोर्टाचीच. एका मोठ्या साहेबांच्या दिमतीला असलेली ती गाडी सरकारी लिलावात निघाली आणि काकांनी ती घेतली. ती साहेबांना घेऊन कोर्टाच्या पोर्चमध्ये शिरायची, तेव्हा काका पायरीवर उभे राहून सलाम करायचे. इतकी वर्षं जिला सलाम केला तिच्याच सीटवर आपण बसणार, या गोष्टीचा त्यांच्या मनावर असा काही परिणाम झाला की पुढे रस्त्यात कुठलीही ॲम्बॅसेडर दिसली, चालती असो की उभी, काकांचा हात कपाळाला गेलाच. पद्मिनी दिसली तर नुसती मान हलवत. काकू म्हणायच्या, "आधी गाडीच्या बाहेरून सलाम करत होते, आता गाडीच्या आतून करतेत. एवढीच बढती झाली."

आम्ही राहायला आलो त्याच्या पहिल्याच रविवारी सकाळी खालून हाक आली. जाऊन पाहतो तो दोन्ही गाड्यांची बोनेटं उघडी, समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर लेआउटमधले, म्हणजे आमच्या वसाहतीतले, काही निवृत्त गृहस्थ, आणि डोक्याला दुपट्टा बांधून मधोमध काका.

"पद्मिनी विरुद्ध अंबेसिडर," त्यांनी पुकारा केला. "पक्षकार हजर हाय काय?"

पक्षकार लुंगीवर होता. तसाच हजर झाला.

तेव्हापासून आमचा खटला सुरू झाला. दर रविवारी एक मुद्दा घ्यायचा. कधी ब्रेक, कधी डिक्की, कधी हॉर्न, कधी वळायला लागणारी जागा. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकायचं, प्रात्यक्षिक पाहायचं, काकूंचा चहा घ्यायचा आणि शेवटी काकांनी तारीख द्यायची. तारीख म्हणजे पुढचा रविवार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते डोळे मिटून मनातल्या मनात कॅलेंडर चाळल्यासारखं करत आणि मगच सांगत. ॲम्बॅसेडरचे मालक तेच आणि न्यायाधीशही तेच. दुसऱ्याच सुनावणीला मी हरकत घेतली, की स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायासनावर बसणं कसं चालेल.

"बरोबर हाय," काका शांतपणे म्हणाले. "म्हणून तर मी निकाल देत नाही. तारीख देतो."

गृहस्थांनी माना डोलावल्या.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. पण गाड्यांविषयी बोलता येतं, आणि ही दोन वेगळी कौशल्यं आहेत हे समजायला माझं अर्धं आयुष्य गेलं. शनिवारी संध्याकाळी मी मोबाइलवर दोन्ही गाड्यांची माहिती शोधून पाठ करायचो आणि रविवारी सकाळी ती जन्मापासून माहीत असल्यासारखी बोलून दाखवायचो. पद्मिनीचं इंजिन अकराशे सीसीचं, ॲम्बॅसेडरचं पंधराशेचं. पण काका, वजनही बघा ना, अंगाने हलकी म्हणून पद्मिनी चपळ, असा माझा एकूण सूर. एकदा जोशात मी म्हणालो, "तुमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार आहे. हाच तिचा मूळ दोष."

"टॉर्शन बार म्हंजे काय, ते कोर्टाले समजावून सांग," काका म्हणाले.

मी घसा साफ केला. पद्मिनीकडे पाहिलं. ॲम्बॅसेडरकडे पाहिलं. "तो एक बार असतो," मी म्हणालो.

"नोंद घेतली," काका म्हणाले आणि तारीख दिली. टॉर्शन बार म्हणजे नेमकं काय हे मला आजही सांगता येणार नाही. पण ॲम्बॅसेडरचं नाव निघालं की मी तो शब्द अजून वापरतो.

हादऱ्यांच्या मुद्द्यावर काकूंनी ताकाचा पेला काठोकाठ भरून दिला. पेला डॅशबोर्डवर ठेवून आमच्या लेआउटमधले सगळे स्पीड ब्रेकर ओलांडायचे, असं प्रात्यक्षिक ठरलं. काकांनी ॲम्बॅसेडर अशी नेली की ताक पेल्यात नुसतं डुललं. पद्मिनीतून मी निघालो आणि पहिल्याच ब्रेकरला ताक माझ्या मांडीवर आलं. त्या दिवशी ऑफिसातल्या एका लग्नाला जायचं म्हणून मी नवी पँट घातली होती. ताक जास्त भरलं होतं, असा युक्तिवाद मी केला. काकूंनी आतून सांगितलं की दोन्ही पेले एकाच हाताने भरले होते.

काकांच्या लेखी गाड्यांवाचून जगात तिसरं काही नव्हतं. माणसं दोनच जातींची, ॲम्बॅसेडर आणि पद्मिनी. स्वतः ते अर्थात ॲम्बॅसेडर. काकू पद्मिनी. "लवकर सुरू होते, लवकर गरम होते, आन् चढावर कोणाचं ऐकत नाही." पुण्याला दिलेली त्यांची मुलगी, जिला आम्ही ताई म्हणत असू, तीही पद्मिनी. जावई ॲम्बॅसेडर, पण "बॅटरी उतरलेली". या जावयाने एकदा मोठ्या हौसेने विचारलं होतं, "बाबा, मी एक चक्कर मारून आणू का?" काकांनी त्यांना तारीख दिली. गाडी घेतल्यापासून त्या स्टिअरिंगला काकांशिवाय कोणाचा हात लागला नव्हता.

आपण कोण, हे जाणून घ्यायची मला फार उत्सुकता. एकदा सरळ विचारलंच. काकांनी मला खालून वर न्याहाळलं. बराच वेळ विचार केला.

"तुहं अवघड हाय गा," ते म्हणाले. "पुढची तारीख घे."

मी तीन-चारदा आठवण केली. दर वेळी तारीख मिळाली.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी ऑफिसात मला ताईचा फोन आला. ती कधी मला फोन करत नसे. म्हणाली, "भाऊ, बाबांना काचबिंदू आहे. बाजूचं त्यांना दिसतच नाही, आता समोरचंही धूसर झालंय. गाडी चालवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. दिवाळीत फाटकाला गाडी घासली ती त्याच्यामुळेच. आई मला काही धड सांगत नाही. दारात गाडी आहे तोवर ते चावी सोडायचे नाहीत. रस्त्यात एखादं लेकरू आडवं आलं तर काय करायचं?"

मी म्हटलं, खरं आहे.

"ते तुमचं ऐकतात," ती म्हणाली. "काहीही करा, पण त्यांच्या हातातून ती चावी काढा."

ते माझं ऐकतात ही माहिती मला नवीन होती. पण नवी माहिती पदरात पडली की ती वापरून पाहायची मला खुमखुमी येते. दोन दिवस विचार करून मी एक डाव रचला. डाव असा की काकांकडे आता अंतिम निकालच मागायचा. ब्रेक झाले, डिक्की झाली, आता खरी परीक्षा रस्त्यावर. मे महिना, भर दुपार, प्रताप नगर ते कामठी आणि परत. जी गाडी हरेल तिने पोर्च सोडायचा. ॲम्बॅसेडर हरली की काकांना शब्द मोडता यायचा नाही. कोर्टाचा माणूस आहे. वडील याच रस्त्याने पद्मिनी जन्मभर चालवत होते, तेव्हा ती हरायचा प्रश्नच नव्हता.

रविवारी मी हा अर्ज मांडला. खुर्च्यांवरचे गृहस्थ सावरून बसले. काकांनी दुपट्टा सोडून पुन्हा बांधला.

"निकाल पाह्यजे तुले?" ते म्हणाले.

"हो. किती दिवस तारखा घ्यायच्या?"

"निकाल लागला की पक्षकार येत नाही गा मंग," ते हळूच म्हणाले. मग जरा मोठ्याने, "अर्ज दाखल करून घेतला. आदेश पुढच्या तारखेले."

मी विजयी मुद्रेने वर आलो आणि बायकोला सगळा डाव सांगितला. ती भाकरी थापता थापता ऐकत होती.

"म्हणजे ज्या माणसानं गाडी चालवू नये," ती म्हणाली, "त्यालेच तुम्ही भर उन्हात कामठी रोडवर गाडी चालवाले धाडून राहिले?"

ही बाजू माझ्या ध्यानातच आली नव्हती. तो आठवडा मला झोप लागली नाही. कामठी रोडवरचे ट्रक, मेट्रोचे खांब, मधूनच घुसणारे शेअर ऑटो, सगळं डोळ्यांसमोर यायचं आणि त्यांच्यामधून काकांची पांढरी गाडी. रविवारी सकाळी कोणी यायच्या आधीच मी खाली गेलो आणि म्हणालो, "काका, मला अर्ज मागे घ्यायचा आहे."

"आता नाही जमत. आदेश झाला," काका म्हणाले आणि गृहस्थ जमल्यावर त्यांनी तो वाचल्यासारखा म्हणून दाखवला. "दोन गाड्या, आन् दोन ड्रायव्हर. मंग तुलना कशाची झाली? ड्रायव्हरची. गाड्यांची तुलना करायची असन तर दोन्ही गाड्यांले ड्रायव्हर एकच पाह्यजे. रस्ता तोच, ऊन तेच, ड्रायव्हर तोच."

"कोण?" मी विचारलं.

"मी तर न्यायासनावर हाय. जज साहेब कधी गाडी चालवतेत काय? ते मांगं बसतेत."

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हातारा आपण होऊन जाळ्यात आला, असं मला वाटलं. ताईला तसा मेसेजही करून टाकला.

पहिली पाळी पद्मिनीची. काका त्या दिवशी पुढे बसले. हादरे नीट कळावेत म्हणून. डोक्याला दुपट्टा, मांडीवर पाण्याची बाटली. सीताबर्डी गेली, इंदोरा गेलं, पद्मिनी गाणं म्हणत चालली होती. ऑटोमोटिव्ह चौक मागे टाकला आणि ती खोकायला लागली. दोन झटके दिले आणि रस्त्याच्या कडेला, टळटळीत उन्हात, थांबली ती थांबलीच.

"वाफ धरली," काका म्हणाले. "बोनेट उघड."

नागपूरच्या उन्हाळ्यात जुन्या गाडीवाल्याला हे नवं नाही. इंजिन इतकं तापतं की पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. मग त्या छोट्या पंपावर ओलं फडकं टाकून वाट पाहायची. मला हे पुस्तकी माहीत होतं, पण पंप नेमका कुठे ते आठवत नव्हतं. काकांनी दुपट्टा सोडला, बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि इंजिनात हात घातला.

हात लगेच पंपाकडे गेला नाही. आधी तो रेडिएटरला लागला, चटका बसून मागे आला, मग नळी धरून धरून पुढे सरकला. अंधाऱ्या खोलीत माणूस बटण शोधतो तसा. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काकांचे डोळे इंजिनाकडे नव्हतेच. ते कुठेतरी मडगार्डच्या पलीकडे पाहत होते. बोटांना पंप सापडला, त्यांनी त्यावर दुपट्टा गुंडाळला आणि सरळ उभे राहिले.

समोरच, रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली चहाची टपरी होती, आणि टपरीशेजारी एक ॲम्बॅसेडर उभी होती. पांढरीच. काकांचं तोंड तिच्याकडे होतं. मी वाट पाहिली. हात वर गेला नाही.

"काय पाहून राहिला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. समोर झाड आहे एक."

"मंग सावलीत जाऊ ना गा. उन्हात काहून उभे आपण?"

मी त्यांचा दंड धरला. एरवी कोणी दंड धरला तर ते झटकून टाकत. त्या दिवशी धरू दिला. रस्ता ओलांडून आम्ही सावलीत आलो आणि टेकायला म्हणून त्यांनी हात मागे नेला, तो त्या गाडीच्या मडगार्डवर पडला. हात तिथेच थांबला. मग सावकाश फिरला, हेडलाइटच्या गोलावरून, तिथून बोनेटच्या उतारावर. काका वळले, ताठ उभे राहिले आणि त्यांनी सलाम केला. गाडीला नाही, गाडीच्या जरा डावीकडे.

मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसणार नाही, या विचाराने आणखी येत होतं.

"आधी काहून नाही सांगतलं?" काका म्हणाले.

मी त्यांचा दंड पुन्हा धरला.

"सांगत जा," ते म्हणाले आणि चहावाल्याला दोन कट सांगितले.

पुढच्या रविवारी ॲम्बॅसेडर. त्या स्टिअरिंगवर मी बसलो तेव्हा लेआउटमधले लोक फाटकाशी जमले होते. काका मागच्या सीटवर मधोमध बसले, साहेब बसत तसे. मी गिअर टाकला तर असा आवाज झाला की काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या. "साक्षीदाराले दम देऊ नको," मागून सूचना आली. पण गाडी मात्र नावाला जागली. कामठीला माझ्या आईने आम्हाला पन्हं दिलं, परत येताना ऊन मी म्हणत होतं, आणि ॲम्बॅसेडर ना खोकली ना थांबली. पोर्चमध्ये शिरताना माझ्या लक्षात आलं की आपल्या डावाप्रमाणे पद्मिनी हरली आहे. वडिलांची गाडी आता बाहेर काढावी लागणार, आणि ज्या गाडीसाठी एवढा खटाटोप केला ती इथेच राहणार. इतका पक्का डाव मी आयुष्यात दुसरा रचलेला नाही.

मी खाली उतरून काकांपुढे चावी धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"ठेव तुह्याजवळ," ते म्हणाले. "मुद्देमाल हाय तो. निकाल लागेपर्यंत सुपुर्दनाम्यावर तुह्याकडं राहीन."

"पण निकाल तर लागला ना काका? पद्मिनी बंद पडली."

"मे महिन्यातली साक्ष कोर्ट ग्राह्य धरत नाही. हिवाळ्यात पुन्हा पाहू." त्यांनी डोळे मिटले, कॅलेंडर चाळलं आणि तारीख दिली.

मी वर जाऊन ताईला फोन लावला. चावी माझ्याकडे आहे म्हटल्यावर ती फोनवरच रडायला लागली. "तुम्ही कसं पटवलंत हो त्यांना?" तिने विचारलं. मी म्हटलं, माणूस ओळखावा लागतो. पुढचे काही महिने मी स्वतःवर इतका खूश होतो की बायको मला भाजी आणायला सांगायची तेव्हाही मी, माणूस ओळखावा लागतो, असं पुटपुटत जायचो.

हिवाळ्यात काकूंनी सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली आणि ताटली घेऊन त्या वर आल्या. बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. मी माझ्या डावाची थोडी हकिगत सांगितली, जरा विनयाने. काकू ऐकत होत्या.

"भाऊ, दिवाळीनंतर डॉक्टरकडून आले ना, त्या दिवसापासून यांनी गाडी फाटकाबाहेर नेलीच नाही," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी सुरू करत, बसून आवाज ऐकत, आन् बंद करत. मले म्हणाले, आता वरच्या पोट्ट्याले चालवा लागन. मी म्हटलं, मंग सांगा ना त्याले. तर म्हणे, सांगू कसं? मांगितलं तर उपकार होते. थांब, हा पोट्टा कधी ना कधी निकाल मांगते. मांगितला की ऑर्डर काढतो."

माझ्या हातातली वडी हातातच राहिली. रोज सकाळी खाली गाडी सुरू होताना मी अंथरुणातून ऐकत होतो. ती बाहेर जात नाही, हे कळायला खिडकीपर्यंत जावं लागलं असतं. त्या सहा-सात महिन्यांत रविवारचे मुद्देही सगळे हॉर्न, वायपर, दाराच्या कड्या असे जागच्या जागी तपासायचे होते, आणि मी शनिवारी-शनिवारी जागून ते पाठ करत होतो. बायको वळून भिंतीकडे बघत हसत होती. मी सांबारवडी खाल्ली. उत्तम झाली होती.

त्यानंतर काकांची नजर पार गेली. पण रविवार चुकला नाही. सुनावणी आटोपली की प्रात्यक्षिक म्हणून आम्ही ॲम्बॅसेडर कामठी रोडवर काढायचो. काका मागे, मी पुढे. समोरून त्यांच्या गाडीची बहीण आली की मी सांगायचो, "आली, काका," आणि आरशात त्यांचा हात कपाळाला जाताना दिसायचा. अंगठा टोपीच्या काठाला लावल्यासारखा, पाठ ताठ. तो सलाम पाहण्यासाठी मी गाडी चालवत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

अडचण अशी झाली की गाड्याच संपत आल्या. आधी एका फेरीत दोन-तीन दिसायच्या, मग एक, मग एकही नाही. पूर्ण रस्ता संपून जायचा आणि आरशात काकांचा हात मांडीवर तसाच वाट पाहत पडलेला असायचा. एका रविवारी मला ते बघवेना. समोरून काहीतरी येत होतं, मी म्हटलं, "आली, काका."

काकांनी सलाम केला.

मग ती सवयच झाली. दर फेरीला मी दोन-तीनदा तरी 'आली' म्हणायचो, अंदाजाने, फार लागोपाठ नको अशा बेताने. आपण खोटं किती सफाईने बोलतो, याचा मला अभिमानही वाटायला लागला होता. माणूस ओळखावा लागतो.

शेवटच्या आजारात काका घरीच होते. मी संध्याकाळी जाऊन बसायचो. बोलणं फार होत नसे. एकदा मी त्यांना विचारलं, "काका, माझा निकाल राहिला. मी पद्मिनी की ॲम्बॅसेडर?"

त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही. जरा वेळाने म्हणाले, "मांगच्या महिन्यात त्या पुलाजवळ तू आली म्हणाला ना, ते ट्रॅक्टर होतं."

मी त्यांची चादर सारखी करायला लागलो.

"त्याच्या आधी टेम्पो होता. त्याच्याही आधी पाण्याचा टँकर. डोळे गेले गा माहे, कान नाही गेले. अंबेसिडरचा आवाज मले कळत नाही काय?"

"मग सलाम काहून करत होते, काका?" मी विचारलं.

"ड्रायव्हरचं मन राखा लागते," काका म्हणाले.

काकांना जाऊन आता काही वर्षं झाली. ताई आली होती तेव्हा मी चावी तिच्यापुढे ठेवली. तिने ती माझ्याकडे परत सरकवली. निकाल लागेपर्यंत मुद्देमाल हलवायचा नाही, असं बाबा सांगून गेलेत म्हणाली. काकू रविवारी अजून चहा करतात, दोन्ही बोनेटं उघडी असतात, आणि खुर्च्यांवर उरलेले गृहस्थ मला टॉर्शन बार म्हणजे काय ते विचारतात. मी तारीख देतो.

परवा आईला भेटायला कामठीला निघालो होतो, ॲम्बॅसेडरच घेऊन. मागची सीट रिकामी. त्याच पुलाजवळ समोरून धुरळा उडवत एक ट्रॅक्टर आला, आणि मला कळायच्या आत माझा हात कपाळाला गेला. ट्रॅक्टरवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे पाहिलं, आणि त्यानेही सलाम केला.